नाव नोका टाकू, मॅडम

नोकरी सोडून बरेच दिवस झाले, पण अंगठ्याची सवय काही जात नाही. फोनवर कोणाचं काही दिसलं की अंगठा आपला जातो आणि खाली बदाम टाकून येतो. वाचलेलं असो की नसो. परवा मावसभावाचे सासरे वारले, त्यांच्या पुण्यानुमोदनाचा निरोप आला, तर त्यालाही मी बदाम टाकून बसले. मुलगी म्हणाली, "आई, तुझ्या हातातून फोनच काढून घेतला पाहिजे." पोरीचं काही चुकलं नाही.

या अंगठ्यानं एका माणसाचं वाटोळं व्हायची वेळ आणली होती. तेच सांगायला बसले आहे.

गोंदियातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी जनसंपर्काचं काम केलं. हे काय काम असतं ते माझ्या सख्ख्या बहिणीलाही शेवटपर्यंत समजलं नाही. ती सडक अर्जुनीला असते. शेजारणींना सांगायची, "ताई दवाखान्यात मोठी नर्स आहे." मी आधी दुरुस्त करायची, मग तेही सोडून दिलं. नव्याण्णव साली मी तिथं काउंटरवर चिठ्ठ्या फाडायला लागले. खाटा मोजून दहा, आणि मालक एकच, ज्यांना आम्ही सगळे मोठे डॉक्टर म्हणायचो. माझं अक्षर बरं आहे, मराठी-हिंदी दोन्ही नीट लिहिता येतं, हे त्यांच्या ध्यानात आलं आणि एक दिवस म्हणाले, "मॅडम, बोर्ड का मॅटर आप ही लिख दो." तिथून मी जी अडकले ती अडकलेच.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. डॉक्टरनं स्वतःची जाहिरात करायची नाही, असा नियम आहे. माहिती मात्र देता येते. जाहिरात कुठं संपते आणि माहिती कुठं सुरू होते, ते ठरवायला हॉस्पिटलं माझ्यासारखी माणसं ठेवतात. सुरुवातीला आमची माहिती हायवेवरच्या ढाब्यांच्या भिंतींवर असायची. ट्रकवाले तिच्याकडे तोंड करून दात घासत. मग केबल आली. सिनेमात हिरो-हिरोईन पावसात भिजत असायचे आणि त्यांच्या पायाखालून आमची पट्टी पळायची, मूळव्याध, भगंदर, खात्रीशीर उपचार. ती पट्टी मी लिहिलेली. घरी जेवताना लागली की नवरा ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जायचा.

आणि मग सगळं फोनवर आलं. तोवर खाटा साठाच्या वर गेल्या होत्या, शेजारी दोन नवी हॉस्पिटलं उभी राहिली होती, आणि मोठे डॉक्टर रोज सकाळी राउंडच्या आधी त्यांची फेसबुक पानं बघून येत. माझी चाळिशी उलटलेली. चष्मा लावून शिकले. फोटो कापायचे, अक्षरं चिकटवायची, व्हिडिओ जोडायचे, सगळं. अभिमान होता मला त्याचा, खोटं कशाला बोलू. कुठं क्लास लावला नाही की कोणाच्या मागे लागले नाही.

या पानाला रोज काहीतरी खायला घालावं लागतं. सोमवारी पाणी उकळून प्या, मंगळवारी मीठ कमी खा, बुधवारी कोण्या डॉक्टरचा वाढदिवस. आमच्या प्रत्येक बॅनरवर कोपऱ्यात नागझिऱ्याचा वाघ असायचा. त्याचा इलाजाशी काय संबंध, विचारू नका. एक सर्जन हट्ट धरून बसले की माझा फोटो वाघाच्या वर पाहिजे, खाली नको. घातला वर. एका पेशंटनं आम्हाला पाचपैकी एकच तारा दिला. खाली लिहिलं होतं, ऑपरेशन उत्तम झालं, कॅन्टीनच्या पोह्यावर तर्री पातळ आहे. मोठ्या डॉक्टरांचे दोन दिवस त्या तर्रीत गेले.

लोकांना वाटायचं, पानाच्या आत डॉक्टरच बसला आहे. "पोट दुखून राहिलं, का घेऊ?" असे निरोप यायचे. मी उत्तर द्यायची, कृपया प्रत्यक्ष भेट द्या. केशोरीकडच्या एका बाईनं मला लिहिलं होतं, "बाई, येता आलं असतं तर तुमाले कायले विचारलं असतं?" 

सगळ्यात जास्त चालायचा तो बरा झालेला पेशंट. त्याची एक रीतच झाली होती. दवाखान्यातून सुट्टी मिळायच्या दिवशी पेशंटनं घरचे कपडे घातले की लगेच गाठायचं, कारण नंतर घरचे लोक गाडी बघायला पळतात. हातात गुलाब द्यायचा, बाजूला डॉक्टर, मागे हॉस्पिटलचं नाव. आणि परवानगी? ती भरतीच्या फॉर्मवरच घेतलेली असायची. सगळ्यात शेवटची ओळ, 'माझा फोटो व माहिती समाजहितासाठी वापरण्यास हरकत नाही.' ती ओळ माझी. समाजहित हा शब्द मोठ्या डॉक्टरांना फार आवडला होता. माणूस स्ट्रेचरवर कण्हत असतो आणि त्याचा भाऊ खाली सही करतो. ती ओळ वाचून कोणी प्रश्न विचारल्याचं मला तरी आठवत नाही.

त्या एकानं मात्र अट घातली होती.

तो नागझिऱ्यात गाईड. तिशीही गाठली नव्हती. जंगलालगतच्या गावचा, घरी बायको आणि एक लहान मुलगी. त्याला फिट यायची. घरातच कांदा हुंगवून झाला, चप्पल हुंगवून झाली, बाहेरचं बघून झालं. शेवटी त्याला आमच्याकडे आणलं. नागपूरहून दर शनिवारी मेंदूचे एक डॉक्टर यायचे. त्यांनी तपासून सांगितलं, डोक्यात जंताची गाठ आहे, औषधानं जाईल. गेली. त्यानं एकही गोळी चुकवली नाही. दोन वर्षं त्याला एकदाही फिट आली नाही, आणि आपल्याला फिट यायची ही गोष्ट घराबाहेर त्यानं कोणाला कळू दिली नाही. दर खेपेला गावात सांगायचा, गोंदियाला बाजाराला जातो.

आता हे लपवणं कशासाठी, तेही सांगते. तिथं गेटवर गाईडचे नंबर लागतात. ज्याचा नंबर, तो पुढच्या जिप्सीत बसतो. पर्यटकाला कळलं की याला फिट येते, तर कोण त्याला घेऊन वाघाच्या जंगलात शिरेल? गाईडकी गेली तर त्याच्याकडे दुसरं काही नव्हतं. शेती नाही. शिक्षण बारावी. पण जंगल मात्र पाठ.

मिरगीच्या जनजागृतीचा कुठलासा दिवस आला आणि मोठे डॉक्टर म्हणाले, "मॅडम, कोई अच्छा केस निकालो. व्हिडिओ चाहिए." मी याची फाईल काढून ठेवली आणि शनिवारी तो आल्यावर त्याला गाठलं. तो लगेच हो म्हणाला नाही. टोपी हातात फिरवत बसला. मग म्हणाला, "आमच्या गावात अजून दोघं आहेत असे. त्याइले अजून कांदाच हुंगवून राहिले. त्याइच्यासाठी बोलतो. पण नाव नोका टाकू, मॅडम. तोंडही नोका दाखवू."

"नाही टाकणार," मी म्हटलं. "माझा शब्द."

आणि मी शब्द पाळला, हे लक्षात ठेवा. खिडकीकडे पाठ करून बसवला. नुसती काळी आकृती दिसायची. गाईडचा खाकी शर्ट काढायला लावला, आमच्या वॉर्डबॉयचा निळा शर्ट घालायला दिला. गावाचं नाव नाही, जंगलाचं नाव नाही. तो फार छान बोलला. कुठली गोळी कधी घ्यायची, घरच्यांनी काय करायचं, काय नाही करायचं, सगळं साध्या भाषेत. शेवटी मी विचारलं, "आता कसं वाटते?" तो लाजला. आणि त्या लाजेतच त्यानं तोंडावर हात धरून चितळाचा आवाज काढला.

वाघ दिसला की चितळ ओरडतं, तो आवाज. जंगलाच्या आत असं काही करायला बंदी असते, पण गेटवर चहाच्या टपरीपाशी पर्यटकांची लेकरं मागं लागली की तो काढायचा. इतका हुबेहूब की खरी चितळं मान वर करायची म्हणे. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी आयुष्यभर बॅनरवर वाघ लावला, पण नागझिऱ्यात पाय ठेवला नव्हता. मला वाटलं, वा, किती गोड शेवट. घरी बसून व्हिडिओ जोडताना तो आवाज मी मुद्दाम शेवटी ठेवला. थोडा मोठाही केला.

मी चेहरा लपवला, नाव लपवलं, गाव लपवलं, आणि ज्यावरून आख्खा जिल्हा त्याला ओळखतो तेवढं मोठं करून दाखवलं.

व्हिडिओ चालला. तसा आमचा कुठलाच कधी चालला नव्हता. लोक त्या आवाजासाठी पुढे पाठवत होते. मोठ्या डॉक्टरांनी पेढे मागवले, मलाही एक दिला. खाली प्रतिक्रियांचा पाऊस, आणि मी खुर्चीत बसून प्रत्येकीला बदाम टाकून राहिले. पानाचा नियमच होता तसा, कोणी काही लिहिलं तर बदाम गेला पाहिजे. एक गेला, दुसरा गेला, तिसरा गेला.

आठ-दहा दिवसांनी तो आला. शनिवार नव्हता. काउंटरपाशी उभा होता, आत यायला तयार नाही. मी बाहेर गेले. त्यानं फोन पुढे केला. व्हिडिओखाली कोणीतरी लिहिलं होतं, "अरे, ये तो अपना नागझिरावाला गाईड है. इसको मिर्गी है क्या?" आणि त्या ओळीवर आमच्या हॉस्पिटलचा बदाम.

मी टाकलेला. न वाचता.

"मॅडम," तो म्हणाला, "तुमीच हो म्हटलं."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. तो थकलेला होता. सांगत गेला, "नंबर माझा येते. पर्यटक पाहून राहतेत, मंग आपसात बोलतेत, मंग खिडकीवर जाऊन म्हणतेत, दुसरा गाईड द्या. नाव कोणाले मालूम नाही. फिटवाला म्हणतेत. फॉरेस्टचे साहेब म्हणाले, काही दिवस घरीच राय, लोक भुलले की ये. आता सिझन आहे, मॅडम. मी घरी राहून का करू?"

मी तशीच मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं, व्हिडिओ काढू द्या म्हटलं. ते वाईट माणूस नव्हते. वीस वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नाही. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, हमने तो नाम नहीं डाला ना? चेहरा भी नहीं. फॉर्म पे साइन है. पब्लिक ने पहचान लिया तो उसमें अपनी क्या गलती? इतना अच्छा चल रहा है." मग फाईल उघडून बसले.

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. सगळी वाक्यं माझीच होती, मीच त्यांना इतकी वर्षं लिहून दिलेली. मला स्वतःची किळस आली.

मी जागेवर आले आणि व्हिडिओ काढून टाकला. भरदुपारी, सगळ्यांसमोर. पानाच्या चाव्या माझ्याकडेच होत्या. संध्याकाळपर्यंत त्या माझ्याकडे राहिल्या नाहीत. पासवर्ड बदलला, पानावर दुसरी मुलगी बसवली, आणि मला परत काउंटरवर पाठवलं. चिठ्ठ्या फाडायला. मोठे डॉक्टर पुढे माझ्याशी कामापुरतंच बोलले. मला त्याचं दुःख झालं, नाही कशाला म्हणू. पण काढून टाकल्यानं काही झालं असतं तर ते दुःखही मी आनंदानं सोसलं असतं. व्हिडिओ तोवर लोकांच्या फोनात शिरला होता. दोन दिवसांनी माझ्या बहिणीनं सडक अर्जुनीहून मलाच तो व्हॉट्सअॅपवर पाठवला. खाली लिहिलं होतं, "ताई, किती छान आवाज काढते हा पोरगा. पाहून घे."

शनिवारी नागपूरचे डॉक्टर आले तेव्हा त्यांना गाठलं. त्यांनी ऐकलं, कपाळाला हात लावला आणि पत्र लिहून दिलं. दोन वर्षं फिट नाही, औषध नियमित आहे, हा माणूस त्याचं काम करायला योग्य आहे. खाली स्वतःचा फोन नंबर. ते पत्र मी टपालानं पाठवलं नाही. रजा काढली, एसटीनं साकोलीपर्यंत गेले, तिथून एका ओळखीच्याची गाडी घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा नागझिऱ्याच्या गेटवर उतरले.

तिथल्या साहेबांना पत्र दिलं. बाकीचे गाईड गोळा झाले. त्यांच्यातला एक म्हातारा मला म्हणाला, "बाई, आमाले त्याच्यावर भरोसा आहे. आमाले तर आधीपासून मालूम होतं. एकदा पडला होता तो माह्या समोर. कोणाले सांगतलं नाही मी. तुमी काऊन सांगतलं?"

मी म्हटलं, "चुकलं."

"हो," तो म्हणाला, आणि चहा मागवला.

त्या सिझनला त्याला काम जवळपास मिळालंच नाही. पावसाळ्यात जंगल बंद असतं. तेव्हा तो रोवण्याला, म्हणजे भाताच्या लावणीला, दुसऱ्यांच्या बांध्यांत गेला. पुन्हा गेट उघडलं तेव्हा लोकांच्या फोनात दुसरं काहीतरी आलेलं होतं. पत्र साहेबांच्या टेबलाच्या काचेखाली होतं. हळूहळू त्याचे नंबर लागायला लागले, पर्यटक बसायला लागले. मला हे त्यानंच फोन करून सांगितलं. तो फोन आला तेव्हा मी काउंटरवर होते. समोर रांग होती, आणि मी पदर तोंडाला लावून रडून घेतलं. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "बाईच्या घरी कोणी गेलं वाटते." मी चिठ्ठी फाडून तिला दिली.

निवृत्त झाल्यावर मी रीतसर तिकीट काढून नागझिऱ्यात गेले. सकाळची फेरी. नंबरानं त्याची जिप्सी माझ्या वाट्याला आली नव्हती. त्यानं दुसऱ्या गाईडशी बदलून घेतली. मागे रायपूरचं एक कुटुंब होतं. गेटवर त्यांनी त्याला विचारलं, "भैया, सुना है यहाँ कोई चितल की आवाज निकालता है?"

"था एक," तो म्हणाला. "अब नहीं निकालता."

मी रस्त्याकडे बघत बसले. आत गेल्यावर एका वळणावर खऱ्या चितळानं आवाज दिला. त्यानं हात वर करून गाडी थांबवली. सगळे श्वास रोखून बसले. वाघ काही दिसला नाही. पण तो ज्या तऱ्हेनं कान देऊन ऐकत होता, ते मी पाहिलं, आणि मला माझ्या सगळ्या नोकरीचा शीण आला. किती माणसांना मी गुलाब धरून उभं केलं. त्यांच्या घरी पुढे काय झालं, ते मला माहीत नाही. हा एक परत आला म्हणून कळलं.

हे सगळं लिहून झाल्यावर छापायला देण्याआधी मी कागद घेऊन पुन्हा त्याच्याकडे गेले. या वेळी कुठली ओळ फॉर्मच्या तळाशी नव्हती. चहाच्या टपरीवर बसून त्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. बदामाचंही वाचलं. तो टोपी मांडीवर ठेवून ऐकत होता. मी म्हटलं, "नको असेल तर इथंच फाडून टाकते. आणि छापलं तरी नाव घालणार नाही. माझा शब्द."

तो थोडा हसला. "कागदावर आवाज तर येत नाही ना, मॅडम?"

"नाही येत."

"मंग नाव टाका."

मी कागद खाली ठेवले. तो म्हणाला, "तवा लपवत होतो मी. आता लपवाले का उरलं? फिट येत होती, सगळ्याइले मालूम आहे. बरी झाली, तेही मालूम आहे. माह्यं नाव तेवढं कोणाले मालूम नाही. फिटवाला म्हणतेत अजून. आपसात म्हणतेत, पण आयकू येते मले. माह्यी पोरगी आता शाळेत जाते."

म्हणून लिहिते. त्याचं नाव सुकराम टेकाम. नागझिऱ्याला गेलात आणि तुमच्या जिप्सीला त्याचा नंबर लागला, तर त्याला आवाज काढायला सांगू नका. नावानं हाक मारा.